ठकूआजीनं सांगितलं होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवापुढे हात जोडले तरी हे वाक्य अर्ध्यावर यायचं आणि मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागायला लागायचो. तुम्ही माझे कोण लागता? कुणीच नाही. म्हणूनच बहुतेक जमेल — बघू.

पिंपरीला पहिले मोठे कारखाने उभे राहत होते, त्या पन्नास सालानंतरच्या दिवसांतली गोष्ट. मी तेविसाचा होतो. सांगोल्याकडचा. सातवी पास — आमच्या गावात तेवढा शिकलेला मी एकटाच, आणि त्याचा मला केवढा माज होता हे मला कळतही नव्हतं. एका कंत्राटदाराकडे मी हजेरी कारकून होतो. कारखान्याच्या पायाचं काम चाललं होतं, माणसं कमी पडत होती, आणि आमच्याकडे सलग दोन वर्षं पाऊस नव्हता. मी गावी गेलो आणि एकोणीस घरं घेऊन आलो. माझ्या शब्दावर आली ती. गावातलं एक कुत्रं आमच्या गाडीमागं पार शिवेपर्यंत पळत आलं होतं.

त्यांत भिकू होता. आमची घरं भिंतीला भिंत लागून. विहिरीत पोहायला मी त्याच्या पाठीवर बसून शिकलो. त्याची बायको सोना, आणि दोन मुली — थोरली पाच वर्षांची, धाकटी अंगावर पिणारी.

कंत्राटदार साहेब म्हणाले, "यांच्या झोपड्यांची जागा तूच बघ. तुझीच माणसं आहेत."

मी बघितली. वर माळावर सिमेंटची पोती ठेवायला पत्र्याची शेड घातलेली होती — सिमेंटला ओल चालत नाही ना. शेडच्या शेजारी जागा होती, भरपूर होती. पण मुरमाड, कुदळ मारली की ठिणगी उडणारी. मेढी रोवायच्या म्हणजे घाम निघाला असता. खाली नदीकडे मात्र सपाट, मऊ जमीन. पुढे पवना, आणि मागून एक बारका ओढा वळसा घालून तिला मिळायचा. उन्हाळ्यात त्या ओढ्यात पाऊलसुद्धा बुडत नव्हतं. बायकांना पाणी भरायला लांब जायला नको, असंही मी मनाशी म्हटलं. मग मी स्वतः चुन्याची फक्की मारली आणि एकोणीस चौकोन आखले. एक रेघ वाकडी नव्हती. मला त्या रेघांचा अभिमान वाटला — हे लिहिताना हात थांबतो, पण वाटला.

फक्की मारून हात झटकत होतो तेव्हा ठकूआजी आली.

ठकूआजी पिंपरी गावातल्या जुन्या शेतकरी घरातली म्हातारी. माहेर नदीपलीकडं, रहाटणीचं. म्हणजे जन्म पवनेच्या एका काठावर आणि संसार दुसऱ्यावर. दोन म्हशी घेऊन ती रोज तिथं चारायला यायची. काठीवर हनुवटी टेकून ती माझ्या रेघा बघत राहिली.

"लेकरा, मानसं बसिवतोयस व्हय हितं?"

मी म्हटलं, हो आजी.

"नगं बसवूस. पाच-सात सालानं पानी येतं हितं. आन् म्होरनं न्हाई येत. मानूस नदीकडं बघत ऱ्हातं, पानी मागनं येतं, ह्या ओढ्यानं. मंग पळाय वाटच ऱ्हात न्हाई. वर माळावर बसीव समद्यास्नी."

इतकं स्वच्छ. त्यात न कळण्यासारखं काय होतं? मी म्हटलं, "बरं आजी, सांगतो साहेबांना." ती म्हशी हाकत निघून गेली.

मी सांगितलं नाही. विसरलो, असं नाही हं — विसरलो असतो तर आज हे लिहीत बसलो नसतो. रेघा पुसायच्या, जागा चुकली म्हणून साहेबांपुढं उभं राहायचं, आणि तेही कुणाच्या सांगण्यावरून? म्हशी राखणाऱ्या एका बाईच्या! मला लाज वाटली. एवढंच. दुसऱ्या दिवशी मेढी रोवल्या.

पण मला सांगायचंय ते हे नव्हे. हे मी कुणाला ना कुणाला सांगू शकलो असतो. पोरवयातली चूक म्हणून खपलं असतं. ते दुसरं अजून पुढे आहे — मी थांबत थांबत चाललोय, कळतंय मला.

पहिलं वर्ष काही झालं नाही. भोपळ्याचे वेल झोपड्यांवर चढले. मी मनात म्हातारीला हसलो.

दुसऱ्या वर्षी, श्रावणात, सकाळी दहाच्या सुमाराला ते झालं. पुरुष आणि धडधाकट बायका वर कामावर होत्या. खाली म्हातारी माणसं, लेकरं, आणि भिकू. आठवड्यापूर्वी त्याच्या पायावर दगड पडला होता, पाय सुजून मांडीएवढा झाला होता, म्हणून सोनाही त्याच्यापाशी राहिली होती. पिंपरीत पाऊस म्हणाल तर नुसती भुरभुर. मध्येच ऊनसुद्धा पडत होतं. पण वर मावळात, डोंगरात, तीन दिवस कोसळत होता. नदी गढूळ होऊन फुगली होती आणि खालची माणसं झोपड्यांपुढं उभी राहून गंमत बघावी तशी तिच्याकडे बघत होती.

मी हजेरीचं बुक घेऊन माळावर उभा होतो. मला त्या सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. आणि पाठींच्या मागे — तिथं ओढा नव्हताच. बाभळींच्या कमरेला पाणी लागलं होतं. ते वाहतही नव्हतं. नुसतं चढत होतं, आवाज न करता.

मी ओरडलो का? मला खरंच माहीत नाही. मी जागचा हललो नाही, एवढं माहीत आहे. गवंडी धावले, बिगारी धावले, बायका पाट्या टाकून धावल्या. मी बुक छातीशी धरून उभा राहिलो.

सोनानं धाकटीला कडेवर घेतलं, थोरलीचं बखोट धरलं आणि छातीएवढ्या पाण्यातून ती उतारापर्यंत आली. दोघींना एका गवंड्याच्या हातात दिलं. आणि वळली. दोघातिघांनी तिला धरायला हात पुढे केले. ती म्हणाली, "आवं, त्येंचा पाय—" आणि गेली. तेवढ्यात पुढून नदीचं पाणी आणि मागून ओढ्याचं पाणी एकत्र झालं. तिचं हिरवं लुगडं दोनदा वर दिसलं. तिसऱ्यांदा दिसलं नाही. भिकू बाभळीच्या फांदीला धरून राहिला आणि वाचला. तीन म्हातारी माणसं वाचली नाहीत. सोना तिसऱ्या दिवशी खाली पिंपळे गुरवच्या अंगाला सापडली.

हे सगळं व्हायला तासही लागला नाही. आणि वर शेडमध्ये सिमेंटचं एक पोतं भिजलं नव्हतं. साहेबांनी मला पोती मोजायला सांगितली. त्याच दुपारी. आणि मी मोजली.

चौथ्या दिवशी मामलेदार आले. शेडपुढे खुर्च्या मांडल्या, तलाठी कागद घेऊन बसला, आमची माणसं चिखलात बसली, गावचे लोक कडेनं उभे. पंचनामा सुरू झाला. मामलेदारांनी विचारलं, इथं पाणी येतं हे कुणाला ठाऊक होतं का? मग मागून ठकूआजी काठी टेकत पुढं आली.

"मी सांगितलं हुतं. ह्या लेकराला. चुना टाकत हुता तवाच."

तिनं माझ्याकडं बोट दाखवलं. त्यात राग नव्हता. विहीर कुठं आहे विचारल्यावर दाखवावं, तसं दाखवलं.

मामलेदार माझ्याकडं वळले. "खरं का हो?"

भिकू समोर बसला होता, पायाला फडकं बांधलेलं, मांडीवर धाकटी. त्यानंही मान वर केली.

"नाही साहेब," मी म्हणालो. "या बाई माझ्याशी कधी बोलल्याच नाहीत."

मी सुन्न झालो. पाणी बघून झालो नव्हतो इतका. अडखळलो नाही, घसा कोरडा पडला नाही, डोळे खाली गेले नाहीत. मला वाटायचं, एवढं मोठं खोटं बोलायला माणसाला काहीतरी जोर लावावा लागत असेल. काही लागत नाही! दार लोटावं तसं ते वाक्य बाहेर आलं. हा कोण बोलला? — असं मला क्षणभर खरंच वाटलं.

मग आमच्यातलीच एक बाई किंचाळली, "आन् ठावं हुतं तर आमास्नी का न्हाय बोललीस गं म्हातारे? रोज तुझ्या म्हशीमागनं श्यान गोळा करत हुतो आमी!" दुसरं कुणी म्हणालं, हिच्याच तोंडानं नदी आली. आणि भिकूनं — ज्यानं आयुष्यात कुणाला अरेतुरे केलं नव्हतं त्या भिकूनं — मूठभर चिखल उचलून तिच्यावर फेकला. तो तिच्या खांद्यावर बसला. तिनं पुसला नाही.

ती माझ्याकडे बघत होती. आता शाप देईल, असं मला वाटलं. मी वाट बघत होतो त्या शापाची.

"आसंल बाबा," ती म्हणाली. "म्हातारपन हाय. दुसऱ्या कुनाला सांगितलं आसंल मी."

तिचा मुलगा पुढं आला आणि दंडाला धरून तिला घरी घेऊन गेला. तलाठ्यानं कागदावर लिहिलं, पाणी येण्याची पूर्वकल्पना कोणासही नव्हती. खाली मी सही केली. माझं अक्षर चांगलं होतं.

पुढच्या आठवड्यात झोपड्या माळावर बांधल्या. मुरमात खड्डे काढायला सगळ्यांना मिळून दोन दिवस लागले. दोन दिवस.

भिकू मला शेवटपर्यंत सख्ख्या भावासारखं मानत राहिला. त्याच्या मुलींच्या लग्नात मामा म्हणून मी अंतरपाटापाशी उभा राहिलो.

आता ते सांगतो.

त्याच वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर, एका दुपारी मी पिंपरी गावाकडून गाडीवाटेनं येत होतो. गावात कानावर आलं होतं की ठकूआजी दिसेल त्याला एकच विचारते — मी त्याला सांगितलं हुतं का न्हवतं? घरच्यांनी तिच्याकडून म्हशी काढून घेतल्या होत्या. सुनेनं दूध तापवायचं काम काढून घेतलं होतं. म्हातारीला भ्रम झाला, असं ठरून गेलं होतं.

ती वाटेच्या कडेला बसली होती. मला बघून उठली. किती वाळली होती! काठी बगलेत धरून तिनं माझ्यापुढं हात जोडले. माझ्या आजीच्या वयाची बाई.

"लेकरा, हितं कोन न्हाई. मी कुनापाशी बोलनार न्हाई, तुझं नाव घेनार न्हाई. झालं त्ये झालं. येवढंच सांग — मी तुला सांगितलं हुतं नव्हं? घरची म्हंत्यात माझं डोस्कं गेलं. मला सपान पडलं आसंल म्हंत्यात. मला फकस्त येवढं कळू दे."

मामलेदार नव्हते. पंचनामा कधीच दप्तरी लागला होता. ती उद्या चावडीवर जाऊन ओरडली असती तरी तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. भिकू तिथं नव्हता. साहेब नव्हते. एक 'हो' म्हटलं असतं तर माझं काय जात होतं? मी याचं उत्तर आयुष्यभर शोधलंय. काही जात नव्हतं. आणि ती घाई करत नव्हती. हात जोडून उभी होती, माझ्या तोंडाकडे बघत.

"नाही आजी," मी म्हणालो. "तुम्हाला भास झाला असेल."

मायेनं म्हणालो. तिच्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला.

तिनं दोनदा मान हलवली. "बरं झालं बाबा, सांगितलंस. आता इचार करायची न्हाई." आणि काठी टेकत गावाकडं गेली.

पहिलं खोटं भीतीचं होतं. हे कशाचं होतं? मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी ते पुढं करायचा हक्क मला नाही.

पुढच्या थंडीत ती वारली. शेवटी शेवटी म्हणे तिचा स्वतःच्या कशावरच भरवसा उरला नव्हता. जेवण झाल्यावर सुनेला विचारायची, मी जेवले का गं? कामावरच्या लोकांबरोबर मीही मयतीला गेलो. नदीवर सगळं आटोपल्यावर तिचा मुलगा माझ्याजवळ आला. डोळे पुसले, माझा हात दोन्ही हातांत धरला.

"त्या येळंला आमच्या आईनं तुमास्नी चारचौघांत लई तरास दिला, साहेब. डोस्कं फिरलं हुतं तिचं. मनावर घिऊ नका."

"नाही घेतलं," मी म्हणालो.