तेजाबाची वाफ आणि गुळाचा खडा

विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदला शहर थांबायचं, आमची शेड नाही. पैठण रोडवरच्या त्या कारखान्यात मी गंज काढायला लोखंडाचे तुकडे तेजाबात बुडवायचो. हौदातली वाफ थेट तोंडावर यायची. घसा साफ राहावा म्हणून कंपनी रोज गुळाचा खडा द्यायची. हौदावर पंखा मागितला की साहेब खेकसायचे, "गूळ देतोय ना?"

चार वर्षांत माझे पुढचे दात झिजून नखासारखे पातळ झाले. गार पाणी प्यायलं की कळ डोक्यात जायची. सगळ्या शेडचं तेच झालं, तेव्हा कुठं कंपनीनं दातांचा डॉक्टर बोलावला. यानं झीज कमी होईल म्हणत त्यानं फ्लोराईडचा लेप लावला आणि विचारलं, "गोड खाता का?"

"व्हय, कंपनीच देते गूळ," मी म्हणालो. "पर दात गुळानं नाय, वाफेनं खाल्ले. जरा हौदापाशी येऊन बघा."

तो आला नाही. दुसऱ्या दिवशी गेटवर कागद चिकटवलेला होता: कामगारांच्या दातांच्या काळजीपोटी आजपासून गूळ बंद.

तो कागद आठवला की आजही तळपायाची आग मस्तकाला जाते. साऱ्या शेडमध्ये बंद करण्याजोगं त्यांना तेवढंच सापडलं!