साडूच्या मापाचा हौद

सन दोन हजार बावीसला मी एकोणसत्तर वर्षांचा होतो, आणि एवढ्या वयात माझ्या साडूइतका हेकट माणूस मी कुठं बघितला नव्हता. आरसा सोडून, असं आमच्या घरातून बोललं जातं, तिकडं लक्ष देऊ नये. मी तिसरीपर्यंत शिकलो, पण माणूस ओळखायला तेवढी शाळा पुष्कळ होते.

साडू तलवाड्याचा, मी चकलांब्याचा. तो सव्वासहा फूट उंच. मी किती, ते इथं लिहायची गरज नाही. उभी नोकरी त्यानं कालव्याच्या कामावर टेप धरून काढली आणि पेन्शन बसली त्याच दिवशी टेप फेकून दिली. "टेप सरकारी असती, पाव्हणं. हात आपला असतो," म्हणायचा. मग जे बांधायचं ते स्वतःच्या हातानं आणि स्वतःच्याच अंगाच्या मापानं. वीत त्याची, ढांग त्याची, गुडघा त्याचा. गवंडी नको, सुतार नको. मोबाइलवर कुणी परदेशी माणूस बंगल्यामागं बाग करताना बघायचा, त्याची बोली ओ की ठो कळायची नाही, तरी "बराबर हाय" म्हणून मान हलवायची आणि सकाळी पहार घेऊन सुरू.

विहिरीजवळ त्यानं बाग काढली. आधी हिरवळ. जी हराळी खणता खणता माझ्या बापाची कंबर गेली, ती यानं बांधावरून उपटून आणली, ओळीत लावली आणि वरून पाणी घातलं! गावातली माणसं कामं टाकून बघायला यायची. मग घरावरची टीव्हीची गंजकी छत्री काढून लोखंडी पाइपावर बसवली, वर उसाचं पाचट घातलं, झाली सावली. पहिल्याच वावटळीत ती उलटी झाली, तिच्यात पाणी साचलं आणि चिमण्या अंघोळीला यायला लागल्या. "चिमण्यांसाठीच केलं हुतं," म्हणाला. चूक कबूल करायची म्हणजे ह्याच्या अंगावर काटा.

मग बाकडं. बाभळीच्या फळ्यांचं, म्हैस बसली तरी हलणार नाही असं. पण उंची त्याच्या मापाची. मी बसलो तर पाय अधांतरी लोंबायला लागले. सगळ्या सोयऱ्यांदेखत साडू म्हणाला, "पाव्हणं, झोका देऊ का?" त्या दिवसापासून मी त्या बाकड्याला बूड टेकवलं नाही. चार वर्षं त्या बागेत गेलो, चार वर्षं उभ्यानं चहा प्यालो.

मग दोन हजार बावीसला अक्काचे गुडघे गेले. अक्का म्हणजे साडूची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. चुलीपासून दारापर्यंत यायला भिंत धरावी लागायची. बीडच्या डॉक्टरनं सांगितलं, रोज अर्धा तास कमरेएवढ्या पाण्यात चालवा, नाहीतर खाट धरतील. तिसऱ्या दिवशी त्यानं आपल्या लाडक्या हिरवळीत कुदळ घातली, अक्काला चालायला हौद बांधायचा म्हणून. विहिरीच्या मोटारीचं पाणी आधी हौदात, मग हौदातून उसाला, म्हणजे पाणी रोज ताजं. खड्डा त्यानं खणला, सिमेंट त्यानं कालवलं, निळा रंगही त्यानंच दिला. हौद झाला मात्र देखणा. खोटं कावून बोलू?

पहिल्या दिवशी नारळ फोडला. अक्कानं लुगडं खोचलं, कठडा धरला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसऱ्या पायरीला पाय पोचेना. पायऱ्या त्याच्या ढांगेच्या, पाणी त्याच्या कमरेएवढं, म्हणजे अक्काच्या गळ्याशी. बाई तशीच थांबली, पाय वर घेतला आणि कुणाकडं न बघता घरात गेली. जाताना एवढंच म्हणाली, "माझ्यापायी आता काही बांधू नका."

तिथं मी गप्प राहायला पाहिजे होतं. पण बाकड्याचा राग होता. म्हणालो, "चला, म्हशीची सोय झाली." साडूनं माझ्याकडं बघितलं आणि माझा चहा परत नेला.

पंधरा दिवस बोलणं बंद. सोळाव्या दिवशी सकाळी साडू माझ्या दारात, हातात सुतळीचं बंडल.

"उभं ऱ्हावा."

"कावून?"

"माप घ्यायचंय. तुमची अक्का घेऊ देत न्हाई. तुमी तिच्याएवढेच हायत."

माझ्या उंचीबद्दल तोंडावर एवढं कुणी बोललं नव्हतं. म्हणालो, "टेप न्हाई का घरात?"

"टेपचा गुडघा दुखत न्हाई. तुमचा दुखतो."

मी उभा राहिलो. तो माझ्यापुढं खाली बसला. म्हणाला, "पाय उचला. दुखलं की सांगा." जिथं दुखलं तिथं त्यानं सुतळीला गाठ मारली. मग कमरेशी एक गाठ. चाळीस वर्षांत त्याची टाळू मी पहिल्यांदा वरून बघितली. पार टक्कल पडलं होतं, आणि कानामागं निळ्या रंगाचा एक ठिपका अजून तसाच होता.

आठवडाभरात त्यानं एकेका पायरीच्या दोन केल्या, तळ उचलला, कठडा खाली घेतला. मी रोज गेलो, चुका काढायला. अक्का ऐकेना, तेव्हा मीच धोतर खोचून आधी उतरलो आणि हौदाच्या मधोमध उभा राहिलो. पाणी कमरेला. "अक्का," म्हणालो, "बुडायचं तर आधी मी बुडंन." ती आली. एक पायरी, दुसरी, तिसरी. पाण्यात पोचली आणि म्हणाली, "अगं बया, लई गार हाय." मग तासभर बाहेर यायचं नाव नाही. साडू काठावर पाठ करून उगीचच कठडा पुसत बसला होता.

अक्का बाहेर आल्यावर तो म्हणाला, "पाव्हणं, करवत काढतो. बाकड्याचे पाय तुमच्या मापाचे करतो."

"हात लावून तर बघ बे," मी म्हणालो.

त्या दिवशी मी आणि बायको तलवाड्यालाच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी, अक्का पाण्यात उतरायच्या आधी, मी बागेत गेलो, दोन्ही हात टेकून त्या बाकड्यावर चढलो आणि पाय लोंबकळत सोडून बसलो. साडू चहा घेऊन आला, शेजारी बसला, आणि माझ्या पायांकडं बघूनसुद्धा काही म्हणाला नाही.