एकशे शहाऐंशी मीटरवर

या ग्रुपवरचे अनुभव मी हॉस्टेलवर वाचतो आणि बहुतेक वेळा मनात म्हणतो, वाऱ्याने दार वाजलं असेल. भूतबित मी मानत नाही, आजही नाही. तरी हे लिहितोय... काही चुकलं तर सांगा.

मी अमरावतीला सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरातून कॉलेजला गेलेला पहिलाच. फेब्रुवारीत आमच्या डिपार्टमेंटला नवं लेझर रेंजफाइंडर आलं. दुर्बिणीसारखं एका डोळ्याला लावायचं, बटण दाबलं की समोरच्या वस्तूचं अंतर आतच दिसतं. सर म्हणाले, "लांबचं कितपत बरोबर दाखवतं, ते गावाकडे मोकळ्यात बघून ये."

आमचं गाव शेंदूरजनाघाटजवळ, संत्र्याची बाग. ही बाग लावताना खड्ड्यांची आखणी आम्ही भावंडांनी केली होती. दोरीचं एक टोक धरून मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दुसरं धरून ताई विहिरीपाशी. मी ओरडायचो, "मागं सरक!" आणि ती एकेक पाऊल सरकायची.

ताईचं सांगायलाच हवं. तिचं लग्न अकोल्याला, जुन्या शहरात झालं. पहिल्या दिवाळीला तिला आणायला मी जायचं होतं. माझं सबमिशन होतं, मी गेलो नाही... आणि कळवलंही नाही. बॅग भरून ती दोन दिवस वाट बघत बसली, हे नंतर आईकडून कळलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. फोन लावायची मलाच लाज वाटायची. असं करत सव्वा वर्ष गेलं.

त्या दिवशी दुपारचे चार वाजले होते. बाग फुलावर होती. धुऱ्यावरून झाडांच्या दोन ओळींमधून पलीकडच्या गावाची पाण्याची टाकी दिसते, तिच्यावर नेम धरला. ११४० मीटर. पुन्हा दाबलं, ११४०. मागून बाबा म्हणाले, "यातून वांदरं दिसतात का पाह्य लेका, लय त्रास देऊन राहिले."

हसत हसतच तिसऱ्यांदा दाबलं — १८६.

तेवढ्यावर विहिरीचा कोपरा येतो. तिथे फांदी नव्हती, माणूस नव्हता. डोळ्याला तर टाकीच दिसत होती. पाच वेळा दाबलं, तेच. बाबांच्या हातात दिलं, तर ११४०. माझ्या हातात पुन्हा १८६.

का ते सांगता येत नाही, पण मी ओरडलो, "ताई, मागं सरक!"

१८७.

"अजून!"

१८८.

"कोणाले ओरडून राहिला बे?" बाबांनी विचारलं. मी पुन्हा डोळा लावला तर ११४०. अंधार पडेपर्यंत दाबत होतो... टाकीच.

घरी आलो तर आई फोन हातात घेऊन ओट्यावर बसलेली.

"चारच्या सुमाराले ताईचा फोन आलता. इचारत होती, बागेत कोण ओरडून राहिलं? मी म्हटलं, तुले अकोल्याले काय ऐकू येते व बाई!"

"अजून काय म्हणे?"

"काही नाही. रडली जराशी. मंग म्हणे, राहू दे."

सरांना मी फक्त आकडे सांगितले. ते म्हणाले, मध्ये पान आलं असेल, नाहीतर धूळ. असेलही. पण माझ्या आवाजावर धूळ एकेक मीटर मागे कशी जाईल? आणि तो फोन? यंत्र मी जमा केलं.

शनिवारी मी अकोल्याला जातोय. बाबा म्हणाले, "फोन करून जाय." केला नाही. सध्या दिवाळी नाही, कुठला सणही नाही. तुला घ्यायला आलो, एवढंच म्हणायचं ठरवलंय. ती दार उघडेल की नाही, माहीत नाही.