व्हाळापलीकडे टाकलेला दोर

आमच्या आबांनी उभ्या आयुष्यात एकही मासा पकडला नाही. तरी भात कापून झाले की रोज संध्याकाळी ते कोरड्या मळ्यात उभे राहत आणि दोन हातांनी धरायच्या एका लांबलचक काठीने रेशमी दोर फेकत. दोराच्या टोकाला गळ नसे. गळाच्या जागी लाल लोकरीचा झुबका बांधलेला असे. समोर पाणीही नसे, नुसते भाताचे खुंट. वाडीतल्या लोकांनी त्यांना दोरीआबा म्हणायला सुरुवात केली होती, आणि मी लग्न होऊन आले तेव्हा आबांना दुसरे काही नाव आहे हे मला कुणी सांगितलेही नाही.

आबा माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. आमची वाडी तळेऱ्यापासून आत, एका व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे. गाव, दुकाने, रस्ता सगळे पलीकडे. उन्हाळ्यात हा व्हाळ दगडांवरून उड्या मारीत ओलांडता येई. पावसात मात्र दोन माड आडवे टाकले तरी पुरणार नाहीत एवढा तो पसरे. दिवाळीनंतर लोक लाकडांचा साकव बांधीत आणि मृगात तो वाहून जाई. मग पाणी उतरेपर्यंत काही हवे असेल तर काठावर उभे राहून कुकारा घालायचा आणि पलीकडे कुणाला ऐकू जाते का ते पाहायचे.

तरुणपणी आबा दक्षिणेत डोंगरातल्या एका मळेवाल्या साहेबाकडे खानसामा होते. सुट्टीच्या दिवशी साहेब नदीवर मासे धरायला जाई आणि आबा डबा घेऊन मागे उभे राहत. साहेबच रिकाम्या दोराला लोकर बांधून हिरवळीवर सराव करी, आबांनाही करायला लावी. स्वराज्य आल्यावर तो विलायतेला गेला आणि जाताना ती काठी आबांना देऊन गेला. एवढी हकिगत आबा कुणालाही सांगत. त्यापुढची त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही दोर वाळत घालताना. हा रेशमी दोर ओला ठेवला तर कुजतो, म्हणून फेकून झाला की ते तो खळ्यात खुंट्यांवर पसरून ठेवीत आणि वाळल्यावर त्याला मेण चोळीत.

"मी थंय सायबाच्या पाठी उभो होतंय," ते म्हणाले, "आनि हय माझी बायल बाळंतपणात गेली. पलीकडे सुईण येवन उभी रवलेली. दिसा होती सगळ्यांक. पण येतली कशी? माका म्हयन्यान कळला." मेणाचा गोळा त्यांनी तळहातात फिरवला. "मगे माझ्या डोक्यात इला. ह्यो दोर पलीकडे जाता. दोराच्या पाठी सुतळी, सुतळीच्या पाठी सुंभ. सुंभ गेलो काय औषध येतला."

म्हणजे हा खेळ नव्हता. आबांनी व्हाळाची पावसातली रुंदी मापून तेवढ्याच अंतरावर मळ्यात एक धोंडा चुन्याने रंगवून ठेवला होता. तो धोंडा म्हणजे पलीकडचा काठ. दोर त्याच्या पुढे पडला पाहिजे. घरात हे ठाऊक असलेली मी एकटीच, कारण बाकीच्यांनी विचारलेच नव्हते. ते चेष्टेतच समाधानी होते.

"आबानूं, बांगडे गावले काय मळ्यात?" जाणारा येणारा विचारी.

"गावले काय पाठवतंय. तू मसालो वाटून ठेव," आबा मागे न बघता उत्तर देत.

माझे सासरे, आबांचे दादा, सगळ्यांत कडक. "सायब गेलो, शेपूट ठेवन गेलो," असे ते जेवताना म्हणत. आबा हसत आणि भात कालवीत.

त्यांचे शिकवणे मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकले आहे. शिकायला समोर कुणी नसे, ते स्वतःशीच बोलत. "वरचो हात वाट दाखयता, काम खालचो हात करता." "दोर पाठी पुरो जावंदे, मगे फुडे. घाई केलंस तर तुझ्याच नाकार येतलो." मळ्यात मागे मोकळे होते, तिथे ते दोर डोक्यावरून मागे नेऊन फेकत. व्हाळाच्या काठावर मागे बांबूची बेटे. तिथे दोर मागे नेता येत नाही, म्हणून तो आधी बाजूच्या पाण्यावर टेकवायचा, त्याचा पोटासारखा बाक काठीमागे येऊ द्यायचा आणि तिथूनच दोन्ही हातांनी पुढे सोडायचा. हे पाण्याशिवाय जमत नसे. म्हणून पावसात उघडीप मिळाली की आबा डोक्यावर खोळ घेऊन व्हाळावर जात. काही वर्षांनी दोर खरोखरच पलीकडे पडू लागला. पलीकडे तेव्हा कुणी नसे. आबा स्वतःच तो गुंडाळून परत ओढीत आणि खूश होऊन घरी येत.

शालू ही त्यांची एकुलती मुलगी, त्याच बाळंतपणात जन्मलेली आणि आईविना माझ्या सासूबाईंच्या हाताखाली वाढलेली. तिला वैभववाडीला दिली होती. दारासमोर रस्ता, हाकेवर नर्सबाई. तिला दिवस गेले आणि बाळंतपण आषाढात येणार असे कळले, तेव्हा आबा पहिल्यांदा दादांसमोर मोठ्याने बोलले.

"शालग्याक थंयच रवांदे."

"पयला बाळंतपण म्हायारीच जाता," दादा म्हणाले. "लोक काय म्हणतले? आवस नाय म्हणान चेडवाक टाकल्यानी?"

"लोक व्हाळ ओलांडून येनत नाय, दादा."

पण शालूच्या सासरच्यांनीही तेच धरले आणि मेअखेर ती आली. चुलीजवळ बसून ती मला म्हणायची, "वयनी, बाबा काय रागावलेत माझ्यार? माझ्याकडे बघनतच नाय." आबा तेव्हा मळ्यात असत. त्या दिवसांत ते अंधार पडेपर्यंत फेकत, आणि जेवताना त्यांच्या उजव्या हाताला घास तोंडापर्यंत नेववत नसे.

मी माझ्या पद्धतीने तयारी केली. जुनी धुतलेली लुगडी, धारदार विळी उकळून, एरंडेल, डिंक, सुकी लाकडे पडवीत. पलीकडच्या म्हाताऱ्या सुईणीला साकव जायच्या आधीच घरी आणून ठेवले. सुतळीची गुंडी आणि सुंभाचे वेटोळे आबांनी काठावरच्या झाडाला टांगून ठेवले होते. आमच्याकडून काही राहिले नव्हते, असे तेव्हा वाटले.

अमावास्येच्या पहाटे शालूला मुलगा झाला. मूल चांगले रडले. पण रक्त थांबेना. सुईणीने तिला जे येत होते ते सगळे केले आणि मग माझ्याकडे पाहून मान हलवली. दादांनी काठावर जाऊन कुकारा घातला. पलीकडे कुणीतरी ऐकले, शालूचे दिवस भरल्याचे गावाला ठाऊकच होते, रस्त्याकडे माणूस धावला, आणि दुपार कलता कलता नर्सबाई पिशवी घेऊन काठावर आल्या. बरोबर चार-पाच गावकरी. ती पिशवी आम्हाला स्पष्ट दिसत होती.

आबा काठी सावरून उभे राहिले. पाऊस आडवा येत होता. त्यांनी दोर पाण्यावर टेकवला, बाक मागे येऊ दिला आणि सोडला. तो गेला. एवढ्या पावसातही तो सरळ गेला आणि लाल झुबका नर्सबाईंच्या पायांपासून हातभर अंतरावर पडला. मी ओरडले. दादाही ओरडले, "धरा! धरा रे!"

कुणी धरला नाही. उलट माणसे मागे सरली. नर्सबाई वाकल्या, तर एका माणसाने त्यांचा हात धरून त्यांना मागे ओढले. आम्हाला काही समजेना. पाण्याच्या आवाजात त्यांचे शब्द येत नव्हते आणि आमचे तिकडे जात नव्हते. दोर पाण्याच्या ओढीने सरकत सरकत परत व्हाळात आला. आबांनी तो गुंडाळला आणि पुन्हा फेकला. पुन्हा माणसे मागे सरली. एकाने छत्रीच्या टोकाने झुबका पाण्यात लोटला. आबा फेकत राहिले.

कारण नंतर कळले. ज्या जागी दोर पडत होता तिथे कुंभ्याचे झाड होते, आणि अमावास्येला लोक त्याच झाडाखाली उतारा ठेवीत. त्याच सकाळी कुणीतरी लाल फडक्यातला नारळ ठेवून गेले होते. त्या जागी अमावास्येच्या दिवशी लाल लोकरीचे काहीतरी आभाळातून येऊन पायाशी पडते, त्याला आमच्याकडे कोण हात लावील? "बाय, हात लावू नकात, उतारो आसा तो," असे तो माणूस नर्सबाईंना सांगत होता. उतारा ओलांडला तर दुसऱ्याचे दुखणे आपल्या घरी येते, हे लहान पोरालाही माहीत. लोकर लाल का, तर हिरव्या काठावर पावसात लालच दिसते म्हणून. इतकी वर्षे परमुलखात राहिलेल्या आबांना तो उतारा वाटेल हे सुचले नाही, आणि घरात बसून रोज तो झुबका पाहणाऱ्या आम्हालाही सुचले नाही.

शेवटी नर्सबाईंनी हात हिसडून सोडवला आणि दोर पकडला. त्या ओढू लागल्यावर माणसेही आली. सुतळी गेली, सुंभ गेला, पिशवी आली. मी ती छातीशी धरून चिखलातून धावले. पडवीत सासूबाई बाळाला घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मला आत जाऊ दिले नाही.

शालूचे तेरावे झाले. नंतर दादा पलीकडच्या लोकांना शिव्या देऊ लागले तेव्हा आबा म्हणाले, "तेंका कित्याक बोलतंस? मी टाकूक शिकलंय. धरूक कोणाक शिकवलंय नाय."

त्या वर्षी साकव बांधून होताच आबा पलीकडे गेले आणि घरोघर फिरले. ज्याने नर्सबाईंचा हात धरला होता त्याच्या घरी ते आधी गेले. तो माणूस त्यांच्या पाया पडला. आबांनी त्याला उठवून विचारले, "वेळ आसा काय रे तुका?" दुसऱ्या दिवसापासून त्या लोकांना काठावर उभे करून आबा अलीकडून दोर टाकू लागले. आता लोकर पांढरी होती. बाया, म्हातारे, शाळेतली पोरे, सगळ्यांनी दोर धरला, सुतळी ओढली, गाठी मारल्या. मृगाच्या आधी दरवर्षी हे होऊ लागले. आबांची काठी पाहून आता कुणी बांगडे विचारीत नसे. शालूचा मुलगा वैभववाडीला वाढत होता. आबा त्याला पाहायला मात्र कधी गेले नाहीत.

काही वर्षांनी, श्रावणात, आबांच्या छातीत कफ भरला. अंग भाजत होते, शब्द तुटत होते. साकव नेहमीसारखा गेलेला. दादांनी कुकारा घातला आणि छातीवर हात ठेवून खोकून दाखवले. या वेळी पलीकडची माणसे तासाभरात डॉक्टरांकडून औषध घेऊन काठावर हजर झाली. त्यांना काय करायचे ते पाठ होते. ती कुंभ्याखाली रांगेने उभी राहिली आणि त्यांनी हात पुढे केले.

अलीकडे आम्ही काठी घेऊन उभे होतो, आणि ती चालवता येणारा एकच माणूस घरात अंथरुणावर होता. दादांनी फेकून पाहिले, दोर त्यांच्याच खांद्यावर गुंडाळला गेला. मी घरी धावत जाऊन आबांना विचारले, कसे करू सांगा. त्यांनी डोळे उघडले. "घाई करू नको गो बाये," एवढेच म्हणाले.

मी परत आले आणि फेकू लागले. दोर मध्यावरही पोचेना. पुन्हा गुंडाळायचा, पुन्हा टाकायचा. मी हाताची साले जाईपर्यंत टाकत होते, आणि पलीकडची एवढी सगळी माणसे पावसात भिजत हात पुढे करून उभी होती. अंधारात दिसेनासे होईपर्यंत त्यांतल्या कुणी हात खाली घेतले नव्हते.