मागचा डिफरन्स

तुम्ही दोघं फोनवर दर वेळी विचारता, आजोबांची जीप अजून आहे का. आहे. पण गेल्या उन्हाळ्यात ती जवळजवळ विकली गेली होती, आणि विकायला मीच निघाले होते. आजोबा ही हकिकत येईल-जाईल त्याला सांगतात आणि सांगताना हातवारे करून माझी नक्कल करतात. म्हणून मी ती माझ्या हाताने लिहून ठेवते.

तेर गावाच्या बाहेर, नदी ओलांडून पलीकडे आपलं माळावरचं शेत आहे. तिथे आजोबांनी सीताफळाची रोपं लावली आहेत. त्यातली दोन तुमच्या हातची आहेत. माळावर पाणी नाही. खालच्या विहिरीवर निळे ड्रम भरायचे, जीपच्या मागे ठेवायचे आणि रोज सकाळी वर न्यायचे. चढ लांब नाही, पण अंगावर येणारा आहे. सहा ड्रम भरले की जीप अर्ध्यात दम टाकायची. मार्चमध्ये एकदा ती तिथूनच मागे घरंगळली. मी आजोबांच्या शेजारी बसले होते. मागचं चाक एका दगडाला अडलं म्हणून वाचलो. लागलं कुणाला नाही, पाणी मात्र सगळं सांडलं आणि त्या दिवशी रोपं तहानलेली राहिली.

तुमचे बाबा फोनवर म्हणाले, "आई, विकून टाका." मी लगेच हो म्हटलं. संध्याकाळी अंगणात बसून आजोबांनी जीपचे चारही टायर ओल्या फडक्याने पुसले. मातीत चालणारे टायर कुणी पुसतं का? मला समजलं. जीप गेली की माळ सुटणार, आणि माळ सुटला की हा माणूस दिवसभर टीव्हीसमोर बसणार.

म्हणून मी एकदा मिस्त्रीला दाखवायचं कबूल केलं. धाराशिवला बायपासच्या कडेला त्याचं गॅरेज आहे. पांढरी दाढी, काडी मोडलेला चष्मा दोऱ्याने कानाला बांधलेला. त्याने जीप हायवेला एक चक्कर मारून आणली, उतरला, हात पुसले आणि मला म्हणाला, "बाई, मागचा डिफरन्स गेलाय. आधी तेवढं बघावं लागंल."

मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. डिफरन्स म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. साडी बदलून महागाची घेतली की दुकानदार डिफरन्स मागतो. मी पर्स काखेत घट्ट धरली आणि म्हणाले, "मागचं आमचं सगळं चुकतं केलंय. ब्रेकचं काम केलंत त्याची पावती आहे माझ्याकडे."

मिस्त्रीने पुसलेले हात पुन्हा पुसले. बाजेवर एक ट्रक ड्रायव्हर चहा पीत होता, त्याला ठसका लागला.

"अगं बाई," आजोबा म्हणाले, "मागचा म्हंजी गाडीच्या मागचा!"

"बाई, पावती दाखवाच," ड्रायव्हर म्हणाला. "माझ्या ट्रकाचा बी मागचा डिफरन्स गेलाय. तुमच्या पावतीत बसतो का बघा."

तर डिफरन्स म्हणजे काय ते तुम्हाला सांगते. जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोल पोट असतं. इंजिनाकडून येणारा लांब दांडा त्या पोटात शिरतो. दांड्याच्या टोकाला छोटं दातेरी चाक, ते पिनियन. ते एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं, तो क्राऊन. क्राऊन मागच्या चाकांना फिरवतो. आपल्या जीपमध्ये मोठ्याला एक्केचाळीस दात होते आणि लहान्याला नऊ. मिस्त्री म्हणाला, दात झिजलेत, बदलायचेच आहेत तर त्रेचाळीस आणि आठची जोडी टाकू. "ओढ वाढंल. हायवेला पळणार न्हाय पहिल्यासारखी, पण तुमचा चढ हसत चढंल."

खराब झालेलं दुरुस्त करायला गेल्यावर माणूस सुधारणा सुचवू लागला की मी सावध होते. "फक्त पिनियन बदललं तर?"

"जोडीनंच येतंय बाई. एकच बदललं तर दोघंबी एकमेकाला खात्यात."

जोडी धाराशिवला मिळेना. पुण्याहून मागवायची, पैसे आधी. मग बेअरिंगं आली, मग तेलाची सीलं, मग केसाएवढ्या जाडीच्या लोखंडी चकत्या. प्रत्येक वस्तू "आता पोट उघडलंच हाय तर" या वाक्याने आली. शेवटी आकडा इतका झाला की मी आजोबांना रसवंतीत बसवून अट घातली : हा खर्च वाया गेला तर जीप विकायची आणि पुन्हा तो विषय काढायचा नाही. ते ग्लासाच्या तळाचा बर्फ हलवत राहिले. मग म्हणाले, "बरं."

जीप अकरा दिवस लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. जोडी आली, बसवली, तर चालवताना पोटातून येणारा आवाज पहिल्यापेक्षा मोठा. पुन्हा उघडली. मिस्त्री दातांना निळा रंग फासायचा, फिरवायचा, दात दाताला नेमका कुठे टेकतो ते बघायचा, मान हलवायचा आणि एक चकती काढून दुसरी घालायचा. हे तीन दिवस चाललं. मला वाटलं, हा शिकतोय आपल्या गाडीवर.

एकदा न सांगता गेले तेव्हा ताडपत्रीवर आमची जुनी जोडी दिसली. डिझेलने धुऊन लखलखीत केलेली. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. जुनं धुतल्यावर नवं-जुनं कोण ओळखणार? पोट बंद केलं की आत काय घातलं ते कुणाला दिसतं? मी आजोबांना बोलले नाही. घरी येऊन फोनवर इंग्रजीत वाचून काढलं. पोट न उघडता दातांचा हिशेब कळतो. चाक उचलायचं, त्यावर आणि दांड्यावर खडूची खूण करायची, चाकाचा एक पूर्ण फेरा करायचा आणि दांड्याचे फेरे मोजायचे. जुनी जोडी असली तर साडेचार, नवी असली तर पाचाच्या वर. मी ते वहीत उतरवून घेतलं. खडू घरात होताच.

जीप न्यायला बोलावलं त्या दिवशी मी म्हणाले, "मिस्त्री, मला एक चाक उचलून द्या."

"कशाला बाई?"

"मोजायचंय."

त्याने डाव्या चाकाखाली जॅक लावला, पुढच्या चाकांना दगड लावले, गिअर न्यूट्रलला टाकला. मी दोन्हीकडे खुणा केल्या. मग वाकून दांड्याकडे बघत बसले आणि आजोबांना चाक फिरवायला लावलं. एक, दोन... आणि तिसरा फेरा पुरा व्हायच्या आत चाकाची खूण जागेवर आली. पुन्हा मोजलं, तेवढंच. पाच नाही, साडेचारही नाही. जुन्यापेक्षाही कमी! भंगारातलं काहीतरी घातलेलं असणार.

मी उभी राहिले. माझा आवाज वर्गातल्यासारखा चढला. "त्रेचाळीस आणि आठ म्हणालात ना? हे कुठल्या गाडीचं घातलंत? आमच्या वयाकडे बघून फसवलंत?"

आजोबा चाकाजवळून उठलेच नाहीत. त्यांना अट आठवत होती. एकदा जीपकडे बघून त्यांनी मान खाली घातली. बाजेवर आज कोणी नव्हतं, तरी मला गॅरेज भरलेलं वाटलं.

मिस्त्रीने चष्मा काढला, दोरा सोडवला, पुन्हा बांधला. "एका चाकावर निकाल लावला व्हय, बाई?"

"म्हणजे?"

"दुसरं भुईला टेकलंय न्हवं. ते हालंना झालंय. मग ह्याच्या वाट्याचं निम्मंच येणार. वळणावर एक चाक लई फिरतं, एक कमी. ते सांभाळतंय म्हणून तर त्याला डिफरन्स म्हणत्यात." मग म्हणाला, "तुमीच शिकवलं असंल की कुणाला तरी, डिफरन्स म्हंजी फरक."

त्याने उजव्या चाकाखाली दुसरा जॅक लावला. आता एक चाक आजोबांनी धरलं, एक त्याने, आणि दोघांनी बरोबर एक फेरा दिला. मी मोजलं. पाच, आणि वर एका फेऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. त्रेचाळीस भागिले आठ. अगदी तेवढंच.

मी फोन काढून ते इंग्रजी पुन्हा वाचलं. त्यात 'व्हील' नव्हतं, 'व्हील्स' होतं. चाकं. त्या एका 'एस'साठी मी पोरांचा अर्धा अर्धा मार्क कापत आले, आणि तोच मी वहीत उतरवताना गाळला होता.

"माझं चुकलं, मिस्त्री," मी म्हणाले.

"असूं द्या. आजपातूर कुणी मोजलंच न्हवतं. लोक नुसतं भांडत्यात." मग त्याने फळीवरून वर्तमानपत्रात बांधलेलं एक जड गाठोडं आणून माझ्या हातात दिलं. "तुमचा जुना माल. तुमाला द्यायचा म्हणून धुऊन ठिवला."

घरी आल्यावर मी गाठोडं सोडून दात मोजले. एक्केचाळीस आणि नऊ. आजोबा बघत होते म्हणून दुसऱ्यांदा मोजले नाहीत. ते आंघोळीला गेल्यावर मोजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाही ड्रम भरून चढाला लागलो. मी एक हात दाराच्या कडीवर ठेवला होता, वेळ आली तर उडी मारायला. जीप पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीने निघाली. ज्या दगडाने मार्चमध्ये वाचवलं तो मागे गेला. इंजिन ओरडलं नाही, चाक घसरलं नाही. आजोबा पुढे बघत होते, पण त्यांचे कान मागच्या चाकांकडे होते. आम्ही वर पोचलो. ड्रमातलं पाणी काठाला हिंदकळत होतं आणि सगळंच्या सगळं आत होतं.

त्यांनी हँडब्रेक ओढला. रोपांना पाणी द्यायला उतरले नाहीत, तसेच बसून राहिले.

"मग, बाई? विकायची का?"

मी कडीवरचा हात काढला नव्हता. "आधी उतार नीट उतरू दे," मी म्हणाले, "मग सांगते."

नीट उतरली.