तिच्या टाळांनी धरलेली जागा

आमच्या बायकोला रॉक बँडचं वेड लागलं ते अंबाडी निवडता निवडता. सूनबाई पुण्याची, कंप्युटरची नोकरी घरूनच करते. हैदराबादच्या मलकपेठेतल्या आमच्या घरात तिची खोली स्वयंपाकघराला लागून. भिंतीपलीकडून तिच्या लाडक्या बँडची ढणढण सुरू झाली की मी कावायचो. बायको म्हणायची, "गप बसा. तो ढोलवाला किती पक्का वाजवायलाय बगा. आपल्या भजनात आहे का एक तरी असा?"

तिला तालातलं कळायचं. देवळातल्या गुरुवारच्या भजनात जन्मभर टाळ वाजवले तिनं. मला ओ की ठो कळत नाही. पण रोज ऐकून ऐकून मलाही तो बँड आवडायला लागला. गाणारा पोरगा पोटात कळ आल्यासारखा ओरडतो, ते सोडा. एक गाणं आहे, त्यात तो मधेच गप होतो आणि नुसता ढोल राहतो. ते तिचं गाणं. ते लागलं की कुकरकडं तिचं ध्यान नसायचं, आणि आम्ही त्या दिवशी भाताच्या नावाखाली लापशी खायचो.

बँड हैदराबादेत येणार, उघड्या मैदानात, म्हटल्यावर सूनबाईनं तीन तिकिटं काढली. सासूचं, स्वतःचं आणि माझं. बायकोनं एकच विचारलं, "तिथं बायका कुठल्या बाजूला बसतात?"

आणि कार्यक्रमाच्या आधीच ती गेली. दुपारी जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही.

पोरगा म्हणाला, "आईचं तिकीट वाया जाईल. मी येतो."

"नक्को," मी म्हणालो. "तुझ्या आईची जागा आहे ती. तिचं गाणं होईपर्यंत तिथं कुणी बसायचं नाही."

"बाबा, तिथं सगळे उभे असतात. जागा अशी नसतेच."

"धरली की असते."

पोरगा तोंड फुगवून बसला. बसू दे.

जागा धरायची आमच्या भजनातली रीत सोपी आहे. बाईनं लवकर जायचं, शालीची घडी सतरंजीवर ठेवायची, त्यावर आपले टाळ ठेवायचे आणि घरी येऊन खुशाल कणीक मळायची. त्या टाळांना कुणी हात लावत नाही. एकदाच लावला होता, आमच्या सूनबाईनं, लग्न होऊन आली तेव्हा. टाळ बाजूला सरकवून ऐसपैस बसली. सासू तिच्याशी पुढं किती तरी दिवस फक्त माझ्यामार्फत बोलत होती. "तिला सांगा, मीठ कमी आहे." सूनबाई माझ्या शेजारीच बसलेली असायची.

तर मी शाल घेतली, टाळ घेतले आणि सूनबाईच्या गाडीत बसलो. मैदानाच्या फाटकावर तलाशी. शेंगदाण्याच्या पोळ्यांचा डबा तिथंच ठेवून घेतला. मग तलाशी घेणाऱ्या माणसाच्या हाताला टाळ लागले.

"चचा, ये क्या है?"

"टाळ. बीवी के हैं."

"बीवी किधर हैं?"

"गुजर गए."

त्यानं सूनबाईच्या हातातली तिकिटं पाहिली. "दो आदमी, तीन टिकट कायकू?"

"एक उनका है."

त्यानं टाळ माझ्या हातात परत ठेवले. मग म्हणाला, "ले जाओ. मगर अंदर बजाना नक्को."

"नै बजाता," मी म्हणालो. खरंच वाजवणार नव्हतो. मला येतातच कुठं.

आत सगळी पोरं काळ्या शर्टात. मी एकटाच पांढऱ्या पायजम्यात, लांबून कुणाला दिवा लावल्यासारखा दिसत असणार. गवतावर शालीची घडी ठेवली, वर टाळ ठेवले आणि बाजूला उभा राहिलो. एक अंबाडा घातलेला पोरगा आला. होय, पोरगाच.

"अंकल, ये साइड में रख दूँ?"

"नक्को. मेरी बीवी की जगा है."

"आंटी कब आते?"

"उनका गाना लगने दे."

त्यानं डोकं हलवलं आणि शाल ओलांडायच्या ऐवजी वळसा घालून गेला. मागच्यांनाही त्यानं काहीतरी सांगितलं असावं, कारण तेही वळसा घालायला लागले. थोड्या वेळानं देवळात प्रदक्षिणा चालावी तसं दिसायला लागलं.

बँड आला. गाण्यामागून गाणी झाली, तिचं काही येईना. माझे पाय भरून आले.

सूनबाई म्हणाली, "बाबा, शालीवर बसा ना जरा."

"तू बसली होतीस, काय झालं आठवतं ना?"

"आठवतं," ती म्हणाली आणि हसली. मग डोळे पुसले. मी स्टेजकडं बघितलं.

गाणारा म्हणाला, आता शेवटचं. आणि ढोल सुरू झाला. तेच गाणं. अख्खं मैदान उड्या मारत पुढं सरकलं. मी शालीपुढं उभा राहायला गेलो तर ढकललाच गेलो. तेवढ्यात आमची पुण्याची सूनबाई पाय फाकवून, दोन्ही हात पसरून शालीसमोर उभी राहिली आणि भांडायच्या आवाजात म्हणाली, "ओ दादा, दिसत नाही का? इथे बसलंय कोणीतरी."

समोरचा दादा तेलुगू. त्याला काय कळलं देव जाणे, पण तो मागं झाला.

मग गाणारा गप झाला. नुसता ढोल राहिला. मी खाली वाकलो, टाळ उचलले आणि वाजवले. फाटकावर दिलेला शब्द गेला. अंबाडेवाल्यानं वळून पाहिलं. "अंकल, ढोल उधर है, आप इधर जा रए."

सूनबाई हात तसेच पसरून म्हणाली, "बाबा, आई असत्या तर तुमच्या हातातून हिसकावून घेतले असते."

"हौ," मी म्हणालो, आणि आणखी जोरात वाजवले.