कागद तळता येत नाही

मी मालकाच्या घराच्या ओट्याखाली, अंगणात उभी होते आणि आजींनी माझ्यादेखत स्टिकरवर गोमूत्र शिंपडलं. माझ्यावर नाही. स्टिकरवर. मी केलेल्या, मी छापलेल्या, मी गाडीला बांधून आणलेल्या स्टिकरवर.

"थो गठ्ठा तिथंच ठेव वं. वर चढू नोको." एवढं बोलून त्या तांब्या आणि आंब्याचं पान घेऊन आल्या होत्या. मालक, म्हणजे त्यांचा मुलगा, बाजूला मोबाइल बघत उभा. त्याची मुंगवड्यांची कंपनी. पहिला पुडा देवापुढे ठेवून मग माल बाजारात जाणार होता. देवापुढे जायचं म्हणून शुद्धी.

मी नाचणगावची. बुद्धविहारामागची गल्ली म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांना सगळं कळतं. पुलगावात माझं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, स्टिकर. या कंपनीचा पुडा मी शून्यापासून केला होता. हिरवा रंग माझा, अक्षरं माझी. वर नथवाली बाई हवी ही मालकाची हौस, तीही काढून दिली. आणि आत मागच्या टिनाच्या शेडमध्ये त्या वड्या कोण घालत होतं? माझी माय. तिच्यासोबत आमच्याच वस्तीतल्या बाया. मुगाच्या पिठात कोपरापर्यंत हात.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आजी, वड्या त आमच्याच बाया घालतेत. थे देवाले चालते काय?"

त्या चिडल्या नाहीत. लहान पोराला समजावतात तसं म्हणाल्या, "वड्या तेलात तळल्या की शुद्ध होतेत. कागद थोडीच तळता येते?"

मी गाडीला किक मारली आणि निघाले. रस्ताभर अंगाची आग होत होती. घरी मायला सांगितलं नाही. लाज वाटली. लाज त्यांना वाटायला पाहिजे होती, वाटली मला. हेच यांचं खरं कसब.

दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन. "शाई कोणती वापरली वं? सारे स्टिकर खराब झाले."

होणारच. लॅमिनेशन करू म्हणून मी दोनदा सांगितलं होतं, साध्या कागदावर ओल लागली की शाई पसरते. तेव्हा साहेब म्हणाले होते, त्याच्यावर पाणी कोण टाकते? पाणी नाही टाकलं. गोमूत्र टाकलं, आणि तेही सढळ हाताने. मी गेले तर नथवाल्या बाईचं नाक ओघळून हनुवटीवर आलेलं. हिरवा रंग तिच्या गालावर. गठ्ठा एकमेकांना चिकटून त्याचा लगदा झालेला. एवढा शुद्ध झाला होता की देवालाही ओळखू आला नसता. मला हसू आलं. मी ते दाबलं नाही.

मालक लाल झाला. "दात काहाले काढून राह्यली? तुमच्या लोकायचं कामच असं. पुन्हा छापून दे. आन् या वेळी वर मोठ्या अक्षरात टाकजो, सोवळ्यात घातलेल्या मुंगवड्या. शहरातल्या गिऱ्हाइकाले आवडते."

लसूण ठेचून घातलेल्या वड्या आणि सोवळं! यांना धड सोवळंही येत नाही. विकायला मात्र येतं.

मी म्हणाले, "ही ओळ मी नाई छापत."

त्याने शेडकडे पाहिलं. दार उघडंच होतं. माय परातीपुढे बसली होती, तिला सगळं ऐकू जात होतं. तो हळूच म्हणाला, "तुही माय इथं कामाले आहे. इसरू नोको."

तो क्षण मी कधी विसरणार नाही. माझ्या एका शब्दावर तिचं काम होतं. आणि त्या एका ओळीत तिचे हात पुसले जाणार होते. मी पुन्हा म्हणाले, "नाई छापत. वड्या हिनं घातल्या. सोवळ्यानं नाई घातल्या."

"मंग मायले घेऊन जा."

माय उठली. हाताचं पीठ परातीत निपटलं, नळावर हात धुतले, पदराला पुसले. मालकाकडे पाहिलंसुद्धा नाही. ओट्यावर आजी उभ्या होत्या, त्यांच्याकडेही नाही. गाडीवर मागे बसली. गोमूत्राची गोष्ट मी तिला तेव्हा सांगितली. रस्त्यात एवढंच म्हणाली, "मी असती त शिंपडलं तवाच बोलली असती."

यापुढे काही गोड घडलं नाही. माय आता दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला जाते. मालकाने ती ओळ नागपुरातून छापून आणली, चकचकीत, लॅमिनेशन करून. वस्तीतल्या बाकीच्या बाया अजून त्याच शेडमध्ये बसतात. त्यांना मी दोष देत नाही, घरी चूल त्यांनाही आहे.

पण तो पुडा ज्या दुकानात टांगलेला दिसतो, तिथे मी थांबते. गिऱ्हाईक हात लावतं तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, या वड्या नाचणगावच्या विहारामागच्या बायांनी घातल्या आहेत, सोवळंबिवळं काही नाही. कोणी पुडा परत ठेवतं. कोणी माझ्याकडे पाहत राहतं.

परवा एक दुकानदार हात जोडून म्हणाला, "ताई, काऊन धंदा खराब करून राह्यल्या?"

करून राह्यली. ती ओळ पुड्यावर आहे तोवर करीन.